आता हिचं बोला

कुठल्याही कचेरीच्या दारात पोचलो की ती एक पाऊल मागं सरायची, डावा पंजा माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध ठेवायची आणि मला आत ढकलायची. पाहणाऱ्याला वाटावं, दमलेली बाई पोरीच्या आधारानं चालली आहे. कोण कुणाच्या आधारानं चाललं होतं ते आम्हा दोघींनाच ठाऊक. मी टेबलापर्यंत जायचे. कारकून मान वर करायचा. शब्द माझ्या घशापर्यंत यायचे आणि तिथंच बसून राहायचे. मग मागून तिचा खरखरीत, पलीकडच्या टेबलापर्यंत जाणारा आवाज यायचा.

"माझं मिळालं. आता हिचं बोला."

'हिचं' म्हणजे माझं. माझी फी. तिचं अपील मी लढवलं होतं, ते आम्ही जिंकलो होतो आणि वकिलाची फी सरकारनं द्यावी असं निकालात लिहिलं होतं. तिची भरपाई तिला मिळाली. माझी फी अडकली. अडकली म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही, फक्त कुणी दिली नाही. ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत त्यांना या दोन गोष्टींमधला फरक सांगायला नको.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांवर ते होतं, तेवढं पुरे. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, उन्हानं करपलेली, उजवा हात कोपराच्या खाली नसलेली. त्या हाताच्या बाजूचा पदर ती नेहमी कमरेला घट्ट खोचून ठेवी. बिनकामाचं काही लोंबलेलं तिला आवडायचं नाही.

मी नांदेडची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळं मराठी घरात बोलायची आणि विचार भलत्याच भाषेत करायची सवय. कायदा शिकले तेव्हा बाबांना वाटलं होतं की हा नाद परीक्षेपुरता आहे. लातूर नवा जिल्हा झाला, तिथं नवं कोर्ट आलं आणि बाबांच्या ओळखीच्या एका वकिलांनी मला हाताखाली घेण्याची तयारी दाखवली. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. स्वतःचं काही कमावलंस तर पुढं बोलू. नाहीतर घरी ये." घरी येणं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं. लग्नासाठी मुलांचे फोटो येऊन पडले होते.

लातुरात मी आत्याकडं राहायचे. जिल्हा नवा होता, पाऊस मात्र जुन्याच खोडीचा, सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. गल्लीत टँकर आला की आत्या वेणी अर्धी सोडून धावायची. गावभर पाट्या रंगवायचं काम चाललं होतं. जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून त्यावर नवं लिहीत. रंग पातळ होता, खालचं नाव दिसायचं.

त्या वकिलांचं, म्हणजे सरांचं, ऑफिस गंजगोलाईच्या मागच्या बोळात होतं, खाली डाळीचं दुकान, वर आम्ही. एका सकाळी ती जिना चढून आली, उंबऱ्यावर थांबून सरांना जयभीम केला आणि भिंतीला टेकून बसली. सरांनी कागद पाहिले. रोजगार हमीच्या कामावर अपंगत्व आलं तर सरकार भरपाई देतं. तिचा अर्ज तालुक्यानं नाकारला होता, आता वर अपील करायचं होतं. द्यायला पैसे नव्हते. सरांनी कागद माझ्याकडं सरकवले.

"हे तू चालव. फी काही मिळायची नाही. पण जिंकलीस तर कोर्टाकडून खर्च माग. मिळाला तर तो तुझा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही बोलंल का सायब?"

"बोलेल. जरा वेळ लागेल."

"लागू द्या. मला कुठं घाई हाय? हात काय उगवून येणार हाय का?"

मी तिला माहिती विचारायला लागले. अपघात कसा झाला, साक्षीदार कोण, वैद्यकीय उपचार कुठे घेतले. ती ऐकत राहिली, मग सरांकडं वळून म्हणाली, "हिचं मराठी लई धुतलेलं हाय. वाळत घातल्यावानी." सर हसले. मीही हसले असते, पण मला त्या वेळी हसण्याचीही लाज वाटायची.

अपघात असा झाला होता. तिच्या गावाशेजारी, उदगीरच्या अलीकडं, पाझर तलावाचं काम चालू होतं. दुपारी जेवायची सुट्टी झाली. माळावर झाड नाही. बायका मातीच्या भरावाच्या कडेला, तिथं पडलेल्या वीतभर सावलीत जेवायला बसल्या. वर उभा असलेला ट्रॅक्टर मागं घरंगळला. बाकीच्या उठल्या. हिचा हात ट्रॉलीच्या चाकाखाली गेला. हातात भाकरी होती.

हे सांगून झाल्यावर तिनं पदर पुन्हा घट्ट खोचला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ती भाकर कुणी खाल्ली ते काय कळलं न्हाई बग. मी लई जणींला इचारलं. कुत्र्यानं नेली असंल."

तालुक्याचं म्हणणं असं की जेवणाच्या सुट्टीत काम बंद असतं, म्हणून हा अपघात कामावरचा नाही. अपिलात सरकारी वकिलांनी तोच मुद्दा धरला. त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही तेव्हा जेवत होतात ना?"

"हाव."

"म्हणजे काम बंद होतं?"

"माझं काम बंद हुतं. टॅक्टरचं चालूच हुतं."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य लिहून घेतलं. माझं सगळं भाषण, जे मी आत्याच्या न्हाणीघरात दार लावून पाठ केलं होतं, ते तिच्या त्या वाक्याच्याच पुढचं होतं. सावली नसेल तिथं माणसानं जेवायचं कुठं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मी म्हटलं, जमिनीकडं बघत, पण म्हटलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आवाज हाय की तुला. कामून दडवून ठेवतीस? इकायचा हाय का?"

निकाल आमच्या बाजूनं लागला. भरपाई व्याजासकट, वर वकिलाची फी.

तालुक्याला तिची भरपाई घ्यायला आम्ही दोघी गेलो. तिथल्या पोरसवदा कारकुनानं कागद पुढं केला, शाईचा पॅड उघडला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "बायांचा उजवा अंगठा लागतो."

तिनं पदर सोडला आणि कोपरापासून संपलेला हात त्याच्या पॅडशेजारी ठेवला. "त्यो तुमच्या तलावात हाय सायब. भरावाच्या पोटात. खणून आना."

तो कारकून आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग उठून तिच्यासाठी स्वतः पाणी घेऊन आला. दुष्काळात कुणी न मागता पाणी देणं म्हणजे केवढी माफी, ते तिलाही कळलं. डाव्या अंगठ्यावर काम झालं. पैसे तिनं चोळीत ठेवले. मला वाटलं, आता ती उठेल, एसटी धरेल, आणि आमची भेट संपेल. मनातल्या मनात मी निरोपाचं एक वाक्यही जुळवलं होतं.

ती बाकावरून उठली नाही.

"आता हिचं," ती म्हणाली.

कारकून म्हणाला, फीचं इथं नाही, ते जिल्ह्याहून मिळेल. मी म्हटलं, "चला मावशी, ते माझं मी बघीन." ती जागची हलली नाही. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, शिपाई दारं ओढायला लागला तेव्हा कुठं ती उठली, तीही मला आधी उठवून.

एसटीची वाट पाहताना मी तिला विचारलं, की ती हटून का बसली होती. तिला माझा प्रश्नच कळला नाही. रस्त्यावर पाय का धुळीनं भरतात असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. मग समजावून सांगितलं.

दुष्काळी कामावर बायका टोळीनं काम करतात. माती एकत्र उपसतात, माप एकत्र होतं, पैसे मात्र एकेकीच्या नावानं पुकारतात. पगाराच्या दिवशी कुणाचं नाव सुटायचं, कुणाचं हजेरीत चुकायचं. पैसे मिळालेल्या बायका घरी गेल्या की राहिलेली एकटी पडायची, आणि एकट्या बाईला कोण विचारतो? म्हणून त्यांच्या टोळीत रीत होती : पैसे घेऊन परत येऊन बसायचं. शेवटच्या बाईचं मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. वीसपंचवीस बाया न बोलता समोर बसल्या की कारकुनाला घरी जाता येत नाही.

"भांडायचं न्हाई, शिव्या द्यायच्या न्हाईत," ती म्हणाली. "नुस्तं बसायचं. एकीचं राहिलं तर सगळ्यांचं राहिलं."

"पण मावशी, मी तुमच्या टोळीत नाही."

"माती तर संगंच उपसली की."

एवढं बोलून ती गाडीत चढली. खिडकीतून तिनं हात केला नाही. एका हातानं पिशवी धरली की तिला हात करता यायचा नाही.

त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी लातूरला यायला लागली. जिन्यावर तिची पावलं वाजली की सर पेन खाली ठेवत आणि म्हणत, "तुझी वसुली आली."

फी का अडकली होती तेही सांगते. अपघात झाला तेव्हा तिचं गाव जुन्या जिल्ह्यात होतं. नंतर जिल्हा फुटला. निकाल टाइप करणाऱ्यानं भरपाईपुढं तहसीलदार लिहिलं, ते बरोबर होतं, म्हणून तिचं मिळालं. फीपुढं मात्र त्यानं हाताच्या सवयीनं जुन्या जिल्ह्याचं नाव लिहिलं. त्याला तरी काय बोलायचं? तेव्हा सगळ्यांचेच हात तसे वळत होते. सरांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा लातूरपुढं जुनाच जिल्हा छापून आला होता, आणि ती पत्रिका जिल्हा नवा झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी तपासली होती.

नव्या कचेरीत सांगत, कागदावर आमचं नाव नाही. म्हणून आम्ही दोघी जुन्या कचेरीत गेलो. एसटीनं, भर उन्हात, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली आणि तशीच वाळलेली रानं बघत.

तिथले कारकून वयस्कर होते, भले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "बाई, तुमचा तालुका आता आमच्यात राहिला नाही. वाटणी झाली. आम्ही कुठून देणार?"

मी 'बरं' म्हणून वळले. पाठीवर पंजा होता, तो सरकला नाही.

"सायब, वाटणी झाली ते खरं," ती म्हणाली. "भावाभावाची वाटणी हुती. जमीन वाटतेत, बैलं वाटतेत, भांडीकुंडी वाटतेत. म्हातारी कुनाकडं जाती?"

कारकुनांनी कागद खाली ठेवला.

"हा म्हनतो तिकडं जेव, त्यो म्हनतो इकडं जेव. म्हातारी मधल्या वाटंवर. ही पोरगी तशी झाली बगा."

ते हसले, मग हसू आवरून त्यांनी सांगितलं की निकालातलं नाव दुरुस्त करून आणा, त्याशिवाय कुणाचाच हात चालणार नाही. ही सल्ला देण्याची रीत मला फार आवडली. इतक्या खेपांत पहिल्यांदाच कुणी पुढचा रस्ता दाखवला होता. मात्र त्यांचे आभार मानायलाही मला तिचा पंजा लागला.

त्या दिवशी आम्ही स्टँडवरच्या फरशीवर बसून जेवलो. तिनं भाकरी आणि ठेचा आणला होता. मला वाढून झाल्यावर ती माझ्याकडं पाठ करून बसली. मला वाटलं, काही चुकलं. मग लक्षात आलं. ती डाव्या हातानं जेवत होती, आणि डाव्या हातानं जेवताना कुणी बघितलेलं तिला चालत नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत भरल्या लोकांपुढं तुटका हात काढून दाखवणारी ही बाई घास घेताना मात्र तोंड लपवत होती.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला लागले. मोडेना. ठेचा ओढणीवर सांडला.

"काय करूलालीस गं?" ती ओरडली. "हाय त्यो हात वापर की! मला सोंगं दावतीस व्हय?"

मी उजव्या हातानं खायला लागले. ती मात्र परत वळली नाही. समोर बसूनच जेवली. दोघींच्या मध्ये ठेच्याचं फडकं होतं. तिनं एकदा नाक ओढलं आणि म्हणाली, "तिखट झालाय." तिखट झाला नव्हता.

दुरुस्तीचा अर्ज मी केला. एका शब्दाची दुरुस्ती. पण सरकारी बाजूचं म्हणणं यायचं होतं, ते यायला तारीख, तारखेला वकील गैरहजर, म्हणून पुढची तारीख, मग कोर्टाला सुट्टी. ती प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसे. पट्टेवाल्यानं एकदा तिला विचारलं, "आजी, तुमचा निकाल तर लागला ना? आता कशाला येता?" ती म्हणाली, "बसायला."

खरं म्हणजे मी तिला नको म्हटलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. तिच्या येण्याजाण्याचं भाडं तिच्या भरपाईतून जात होतं आणि त्या भरपाईतून घरात धान्य यायला हवं होतं. मुलगा ऊसतोडीला गेला होता, सून त्याच पाझर तलावाच्या कामावर. शेवटी मी जरा जोरानं म्हटलं, "मावशी, मला ते पैसे नकोत. सोडून द्या."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

"तुला नकोत? मग तुझा बाप तुला घेऊन जाईल त्याचं काय?"

बाबांचं मी तिला एकदाच, सहज, बोलून गेले होते. तिनं ते ठेवून घेतलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "हात पसरला की माणूस भिकारी हुतो. तोंड उघडलं की न्हाई हुत. मला पसरायला एकच हात हाय, म्हनून मी तोंड वापरते. तुला दोन हायेत आन् तोंडबी हाय, आन् तू तिन्ही मिटून बसतीस."

उन्हाळा चढत गेला. मधे तीही कामावर जायला लागली. एका हातानं माती उपसता येत नाही, म्हणून टोळीनं भांडून तिला पाणी पाजायच्या कामावर घ्यायला लावलं होतं. तिनं मला ते कौतुकानं सांगितलं. कळशी काखेत धरायची, वाटी टेकवायची, तुटक्या कोपरानं कळशी कलती करायची. "सांडत न्हाई," ती म्हणाली. "थेंब सांडत न्हाई." पाणी कुठून आणता, असं मी विचारलं. जुन्या विहिरीच्या तळातून, ती म्हणाली. गढूळ असतं, पण फडक्यानं गाळून घेते.

शेवटची भेट अशी काही सांगण्यासारखी नव्हती. तारीख पडली, ती बाकावरून उठली, जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आली. माझा काळा कोट मागून चुरगळला होता. तिनं तो डाव्या पंजानं दोनदा सरळ केला आणि म्हणाली, "पाठ वाकवून चालू नको. मला ढकलायला हात वर करावा लागतो."

पुढच्या तारखेला बाक रिकामा होता.

त्याच्या पुढच्याही.

फी मला मिळाली. ते सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला त्याची हुरहुर लागू नये. पुष्कळ उशिरा, दिवाळीच्या तोंडावर दुरुस्ती झाली आणि मला नव्या कचेरीतून बोलावणं आलं. दारात पोचल्यावर सवयीनं मी थांबले. पाठ ताठ केली. मागून कुणी ढकललं नाही. मग मी आपली आपण आत गेले, टेबलापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "माझं बोला." कारकून चपापला, इतका तो आवाज मोठा आला. बाबांना मी त्या संध्याकाळी ट्रंक कॉल लावला. त्यांनी आकडा दोनदा विचारला, मग म्हणाले, "बरं. राहा." आज मी ज्या कामानं ओळखली जाते ते काम असं चालू झालं.

पण ती फी हातात पडली तो दिवस मला नीटसा आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा, उन्हाळ्यातलाच एक दिवस. दुसऱ्या तारखेलाही ती आली नाही तेव्हा मी कुणाला न सांगता तिच्या गावची एसटी धरली.

फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीवर तिचं घर विचारलं. टपरीवाल्यानं ग्लास विसळायचा थांबवला. "ती गेली की बाई. जुलाब-उलट्या लागल्या. चार-पाच जणं लागले हुते, बाकीचे वाचले. सून कामावर हाय. आज पगार हाय तितं, तिकडंच जा."

मी माळ चढून गेले. भराव आता पुष्कळ वर आला होता. ज्याच्या पोटात तिचा हात होता तो हाच, हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. ऊन कलत होतं. पलीकडं कारकून टेबल आवरत होता, वही बंद झाली होती, पुरुष मंडळी सायकली घेऊन निघाली होती. बायकांची टोळी मात्र भरावाच्या सावलीत बसून होती. टोपल्या पालथ्या घातलेल्या, पैसे पदराच्या गाठीत बांधलेले. कुणी बोलत नव्हतं.

मी सुनेला ओळखत नव्हते. सगळ्यात पुढं बसलेल्या एका पिकल्या केसांच्या बाईला विचारलं. तिनं मागं बोट केलं. एक तरणी बाई तोंडात पदर धरून माझ्याकडं बघत होती. तिच्याशी बोलायचं सोडून मी त्या पिकल्या केसांच्या बाईला भलतंच विचारलं, "पगार झाला ना? मग अजून कुणाचं राहिलंय?"

तिनं माझ्या काळ्या कोटाकडं बघितलं. उन्हात मी तो हातावर टाकला होता.

"तूच व्हय ती वकीलबाई?"

मी मान हलवली.

"मग तुझंच राहिलंय की," ती म्हणाली. "ती जायच्या आदल्या पगाराला सांगून गेली. आपल्यातल्या एकीचं राहिलंय, लातूरच्या पोरीचं. तवापासनं आमी पगाराच्या दिवशी घडीभर बसतो. त्या कारकुनाचा काय त्यात संबंध न्हाई, तरी बसतो." मग तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, जसं त्या एकमेकींना विचारत असतील, "मिळालं का?"

तेव्हा मिळालं नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्या उठल्या असत्या, घरी गेल्या असत्या, चुली पेटल्या असत्या. ते माझ्या तोंडावर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजून राहिलंय."

"मग बस."

मी खाली बसायला लागले. कुणाला सरकावं लागलं नाही. सुनेच्या शेजारी, सावलीच्या कडेला, एका बाईची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती.